सरपण : शत्रू की सोयरे?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धेसाठी 'जळाऊ लाकूड हाच आपल्या जंगलाचा खरा शत्रू आहे' असा विषय ठेवलेला होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला विषयाच्या बाजूने बोलणे आले. मी बोलले. उजाड टेकड्या, आटलेले नाले, डोक्यावर मोळ्या घेऊन निघालेल्या बायांची रांग, सारे काही हावभावासहित बोलले. टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांक मिळाला आणि बक्षीस म्हणून स्टीलचा एक झाकणाचा डबा मिळाला. सायंकाळी घरी जाऊन डबा आईपुढे ठेवला. ती चुलीपाशी बसली होती. कशावर बोललीस म्हणून तिने विचारले. मी सांगितले. ती फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "मंग उद्यापासून भात कायवर मांडू, पोरी?"

प्रश्न थट्टेचा होता. परंतु मला तो लागला. कारण त्या मोळीवाल्या बायांच्या रांगेत नववीपर्यंत मी स्वतः होते, आणि व्यासपीठावरून हे सांगायचे मी सोयीस्करपणे टाळले होते. त्या भाषणाची परतफेड म्हणून हा लेख आहे. परीक्षक महोदयांनी राग मानू नये.

प्रथम मला एक हिशेब मांडू द्या. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आकडे दिसले की झोप येते, हे मला ठाऊक आहे. पण या विषयावर आजवर जी भाषणे झाली (माझे धरून) ती आकड्यांवाचून झाली, हेच त्यांचे दुखणे आहे.

आमच्या घरी पाच माणसे. मागच्या हिवाळ्यात मी आठ दिवस ताणकाटा टांगून चुलीत जाणारे लाकूड मोजले. दिवसाला साडेपाच किलोच्या आसपास आले. म्हणजे वर्षाला दोन टन. आमच्यासारखी शंभर घरे धरली तर गावाला वर्षाकाठी दोनशे टन. ऐकायला हा आकडा राक्षसी वाटतो. आता दुसरी बाजू पाहा. जंगल दरवर्षी वाढते. आपले पानझडी जंगल पडीक नसेल, त्यात गुरे मोकाट नसतील, तर एका हेक्टरात वर्षाला अर्धा टन लाकूड सहज नवे तयार होते असे मी धरते. हात राखून धरलेला हा आकडा आहे. त्या हिशेबाने दोनशे टनांसाठी चारशे हेक्टर जंगल पुरे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली जो सामूहिक हक्क मिळाला, तो सुमारे १८०० हेक्टरांचा आहे, आणि ते गाव शंभर घरांच्या आसपासचे आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या सुमारे सत्तर टक्के भूभागावर जंगल आहे. अशा जिल्ह्यात चुलीला लाकूड पुरत नाही असे कोणी म्हणत असेल, तर दोष लाकडाच्या तुटवड्यात नसून दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे.

तो कुठे आहे हे शोधायला मला ग्रंथालयात जावे लागले नाही. आमच्या गावाच्या शिवेपाशी जाऊन उभे राहिले तरी तो दिसतो. गावालगतचा अर्धा-पाऊण मैल पट्टा असा बोडका झाला आहे की तिथे धावड्याचे आणि पळसाचे खुंट तेवढे उरले आहेत. आणि त्याच्या पलीकडे, जरा आत गेले की झाड झाडाला लागून उभे आहे. आतले लाकूड कोणी तोडत नाही, बाहेरचे मात्र कोणी वाढू देत नाही. याचे एक कारण वाघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात सीटी-१ हा वाघ जेरबंद झाला. तोवर त्याने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसे मारली होती. तेव्हापासून आमच्याकडच्या बाया आत जायला धजत नाहीत. दहाबारा जणी मिळून जातात, एकीने आवाज दिला की सगळ्यांनी द्यायचा, आणि तासाभरात परतायचे. तासाभरात जे हाताला लागेल तेच तोडायचे. साहजिकच कुऱ्हाड जवळच्या झाडावर पडते. ते फुटून वर आले की बकऱ्या खातात, पुन्हा फुटले की पुन्हा कुऱ्हाड. मी आईला म्हटले, वाघाच्या भीतीने तरी जाऊ नका. ती म्हणाली, "वाघ तं आहे. पन चूल का वाघाले भिऊन विझून राहते?"

दुसरे कारण सांगताना मला थोडी लाज वाटते. पूर्वापार नियम असा, की पडलेले, वाळलेले लाकूड न्यावे, ओल्या झाडाला हात लावू नये. कागदावर हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात काय होते? वाळलेले लाकूड जवळपास संपले, की बाया झाडच वाळवतात. बुंध्याची साल वीतभर रुंदीची सगळीकडून काढून टाकायची आणि निघून यायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते झाड उभ्या उभ्या वाळलेले असते आणि मग ते न्यायला नियमाची हरकत उरत नाही. आठवीत असताना मी स्वतः असा एक धावडा वाळवला आहे. कोवळा होता, माझ्या मांडीएवढा. बुंध्याशी नीट तोडला असता तर त्याच खुंटातून चार धुमारे फुटले असते, आणि आज तो पुन्हा उभा असता. साल काढलेले झाड मात्र मुळासकट मरते. म्हणजे जंगल वाचवायच्या नियमाने झाड मारले आणि झाड तोडण्याने ते वाचले असते. हे मी त्या व्यासपीठावर सांगायला हवे होते.

खुंटातून फुटण्याचा हा गुण म्हणजे या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली आहे, असे माझे मत आहे. साग, धावडा, पळस, तेंदू ही आपली झाडे तोडली म्हणून संपत नाहीत. जमिनीलगत, धारदार कुऱ्हाडीने, साल न फाटता, पाणी साचू नये म्हणून किंचित तिरका काप घेऊन तोडले, तर खाली जुनी मुळे तयारच असल्याने नवा धुमारा बियांच्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पुढे धुमाऱ्यांची गर्दी विरळ करून एक-दोन ठेवायचे. वनखात्याने कूप पाडून तोड करण्याची पद्धत याच तत्त्वावर बसवलेली आहे. त्यात नवे काही नाही. चारशे हेक्टरांचे वीस-वीस हेक्टरांचे वीस कूप पाडले, दरवर्षी एकच तोडला आणि तोडलेला कूप चार-पाच वर्षे गुरांना बंद ठेवला, तर एकविसाव्या वर्षी आपण पुन्हा पहिल्या कुपात असतो आणि तिथे वीस वर्षांचे झाड उभे असते. मोह, चार, हिरडा यांना हात लावायचा नाही. ती झाडे पोटाला देतात. ढोलीचे एखादे जुने झाड पाखरांसाठी सोडायचे. पाला आणि बारीक काड्या रानातच राहू द्यायच्या, नाहीतर जमिनीचा कस जातो.

यातला मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा जंगलाचा नाही, बायांचा आहे. कुपाची तोड वर्षातून एकदा, पंधरा-वीस दिवसांत, पुरुष आणि बाया मिळून, मजुरी घेऊन करायची. लाकूड बंडीने किंवा ट्रॅक्टरने गावात आणायचे आणि घरटी वाटून द्यायचे. मग आठवड्यातून दोनदा वाघाच्या रानात मोळीसाठी जाणे उरणार नाही. लाकूड वाळायलाही सवड मिळेल. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. पंचवीस किलोची ओली मोळी आणणारी बाई बारा किलो पाणी डोक्यावर वाहते आणि मग ते पाणी चुलीत जाळायला आणखी लाकूड खर्च करते. दोन उन्हाळी महिने रचून, वरून झाकून वाळवलेले लाकूड किलोमागे ओल्याच्या जवळपास दुप्पट उष्णता देते, आणि धूर कमी करते.

आता धुराकडे येते. येथे माझी बाजू लंगडी आहे, हे मी आधीच कबूल करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. माझ्या आजीचे डोळे वर्षानुवर्षे लाल होते, आणि तिचा खोकला आमच्या घराचा गजर होता. सरपणाचे गोडवे गाणाऱ्याने आधी पावसाळ्यात ओली लाकडे फुंकून चार भाकरी कराव्यात. तेव्हा जे प्राध्यापक मला म्हणाले की तू चुलीचे उदात्तीकरण करते आहेस, त्यांचा आक्षेप मी डोक्यावर घेते. परंतु त्यांचा उपाय, म्हणजे सगळ्यांनी गॅस घ्यावा, तोही तितकाच लंगडा आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्याही घरी शेगडी आली. ती आजही आहे. सकाळचा चहा, पाहुणा आला की पोहे, परीक्षेच्या दिवसांत माझे दूध, एवढे तिच्यावर होते. मार्च २०२३ मध्ये एक सिलिंडर अकराशे रुपयांच्या वर गेले होते. पुढे भाव उतरले, सवलतही वाढली, पण धानाचे पैसे वर्षातून एकदा हाती येणाऱ्या घराला सिलिंडरचे पैसे दीड-दोन महिन्यांनी एकरकमी काढायचे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे. भात, वरण, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण चुलीवरच होते. गॅस आला म्हणून चूल गेली नाही. चुलीला एक पाहुणी सोबतीण मिळाली इतकेच.

म्हणून मला वाटते, चूल सुधारणे हाच खरा मार्ग आहे. तीन दगडांची किंवा आपली साधी मातीची चूल लाकडातल्या उष्णतेपैकी सुमारे दहा टक्केच भांड्याला पोचवते, बाकीची भिंतींना आणि हवेला देते. चांगली बांधलेली चूल पंचवीस टक्के पोचवू शकते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम साध्या चुलीवर करायला अडीचशे-पावणेतीनशे किलो लाकूड लागते. सुधारलेल्या चुलीवर तेच शंभर-सव्वाशे किलोत होते. म्हणजे नुसत्या चुलीच्या बदलाने माझे ते दोनशे टन शंभराच्या खाली येतात, आणि चारशे हेक्टरांऐवजी दोनशे पुरतात. उरलेले जंगल वाघाला राहू द्या.

पण निर्धूर चुलीचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. १९८० च्या दशकात देशभर त्यांचा कार्यक्रम निघाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. आमच्या आजीच्या घरीही एक बसवली होती. तिचे तोंड इतके लहान की आमचे लाकूड आधी फोडून चिंधीएवढे करावे लागे. वैलावर मोठे गंज बसत नसे. आणि धुराडे दोन पावसाळ्यांत काजळीने बुजले. ते साफ करायला कोण येणार, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. आजीने एका सकाळी पहार घेऊन ती चूल फोडली आणि तिथेच जुनी चूल घातली. तिला कोणी अडाणी म्हणत असेल तर म्हणो. चूल बसवणाऱ्याने तिला एकदाही विचारले नव्हते की तुझे गंज केवढे आहे.

येथवर वाचून एखादा अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, की जंगलात एवढे लाकूड वाढते तर नुसत्या चुलीत का घालता? वीज करा, कारखाने काढा, जिल्ह्याचा विकास करा. हा विचार आज जगभर जोरात आहे. लाकूड जाळले तरी नवे झाड तेवढाच कर्बवायू परत शोषून घेते, सबब हे स्वच्छ इंधन, असा त्याचा युक्तिवाद. इंग्लंडमधले ड्रॅक्स हे पूर्वी दगडी कोळशावर चालणारे प्रचंड वीजकेंद्र आता मुख्यत्वे अमेरिकेतून जहाजाने आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळते. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरील वीजकेंद्रांना कोळशाबरोबर काही टक्के जैवइंधन जाळण्याचे धोरण ठरवले. रोख शेतातल्या काडीकचऱ्यावर आहे, हे खरे. आणि शेजारच्या चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे, हेही खरे.

याबद्दलही आकडा बोलू द्या. लाकडावर एक मेगावॅट वीज वर्षभर करायची तर आठ-नऊ हजार टन लागतात. म्हणजे दोनशे टनांची आमच्यासारखी चाळीसहून अधिक गावे एका मेगावॅटमध्ये जळतात, आणि त्यातली पाऊण उष्णता वाफेबरोबर आणि धुराड्यातून निघून जाते. पाचशे मेगावॅटच्या एकाच संचाला पाच टक्के जैवइंधन द्यायचे म्हटले तर वर्षाला लाखभर टनांहून अधिक गोळ्या लागतील. धानाचे तणीस गुरांना हवे. मग एकदा बाजार उभा राहिला, भाव ठरला, ठेकेदार आला की त्याच्या ट्रकमध्ये काडीकचरा आहे की कोवळा धावडा, हे नाक्यावर कोण पाहणार? घाणेरीसारखे रान माजवणारे झुडूप काढून त्याच्या गोळ्या कराव्यात, याला माझी हरकत नाही. उलट आनंद आहे. गावाची गरज भागवून उरलेल्या लाकडावर गावातच एखादी भातगिरणी किंवा हिरडा-मोहाचे वाळवणीयंत्र चालले तर तेही उत्तम. परंतु पहिला हक्क चुलीचा. बॉयलरची भूक भागत नसते, आणि त्याला वाघाची भीतीही नसते.

बांबूच्या बाबतीत हे नाट्य आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. वर्षानुवर्षे बांबू कारखान्याकडे गेला आणि ज्याच्या रानात तो वाढला त्याला तोडण्याची मजुरी मिळाली. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्यांचे पुस्तक दिले, आणि गावाने आपला बांबू आपण विकला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी त्याआधी कित्येक वर्षे सर्वसंमतीने सभा चालवून, रानावर स्वतः राखण करून हा दिवस आणला होता, हे आपण विसरतो. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांकडे असे सामूहिक हक्काचे कागद आहेत. कायद्याने झुडपी लाकूड आणि खुंटही गौण वनोपजात धरले आहेत. आणि रान राखण्याचा, वाढवण्याचा, त्याची व्यवस्था लावण्याचा हक्क गावाला दिला आहे. १९३० मध्ये पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून जो जंगल सत्याग्रह केला आणि त्याच वर्षी चिरनेरला ज्यासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या, तो हक्क काहीसा आपल्या पेटीत येऊन पडला आहे.

पेटीत हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या ग्रामसभेचा दाखला आणि नकाशा खरोखरच एका पत्र्याच्या पेटीत आहे. रानाची पाहणी कोणी केलेली नाही, कूप कुठे पाडायचे हे कोणी ठरवलेले नाही.

एक खुलासा करते. हा सगळा हिशेब आपल्या झाडीपट्टीचा आहे, साऱ्या महाराष्ट्राचा नाही. वऱ्हाडात पऱ्हाट्या आणि तुराट्या हेच सरपण आहे. लातूर-धाराशिवकडे जंगल नावापुरते. तिथे गोवरी आणि वेडी बाभूळ यांवर चूल पेटते, आणि तिथे कूप पाडा म्हणणे हा विनोद होईल. सह्याद्रीच्या उतारावर पाऊस मोठा, पण माती धुपते आणि रान बरेचसे खाजगी मालकीचे. ज्या भागात जे वाढते त्याचाच विचार त्या भागाने करावा. मुंबईत बसून सगळ्यांसाठी एकच शेगडी ठरवणे जितके चूक, तितकेच गडचिरोलीत बसून सगळ्यांना लाकूड जाळा म्हणणे चूक.

गेल्या महिन्यात मी ग्रामसभेत हे बोलायला उभी राहिले. वादविवाद स्पर्धेपेक्षा पाय जास्त कापत होते. बाया पुढे सरकून ऐकत होत्या. माझे बोलून झाल्यावर एक म्हातारे बाबा म्हणाले, "बाई, सांगतेस ते पटते. पन चारशे हेक्टरात झाडं किती, मोजनार कोन?" दुसरे म्हणाले, कूप बंद ठेवला तर बकऱ्यावाल्यांनी कुठे जायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. दुसऱ्याचे नव्हते, आजही नाही. आमच्याच गल्लीत सात घरे बकऱ्यांवर जगतात. पुढच्या सभेत त्यांनाच विचारायचे ठरले आहे.

मोजणीचे मात्र मी अंगावर घेतले. दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघी मैत्रिणी आणि गावातले चार जण मिळून रानात नमुन्याचे चौकोन आखून छातीच्या उंचीवर बुंध्यांचा घेर घेणार आहोत. धावडा, ऐन, साग, तेंदू निरनिराळे लिहायचे, खुंट निराळे, आणि साल काढून वाळवलेली झाडे निराळी. वाघाचा विचार करून दहा ते तीन हीच वेळ ठेवली आहे, आणि फटाके बरोबर घेणार आहोत. भूगोल विभागाच्या कपाटात तीस मीटरच्या दोन टेपा आहेत. त्यांतली एक दहा दिवसांसाठी मिळावी, असा अर्ज मी विभागप्रमुखांना दिला आहे. बक्षिसाच्या त्या डब्यात आई सध्या काड्यापेट्या ठेवते.